स्मरण : शुक्रवारी पॉपी वाटप

सभासदहो, नमस्कार.

मेमोरियल डे, म्हणजे अमेरिकेत युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा दिवस. त्याच्या आधीचा शुक्रवार म्हणजे पॉपी दिन; त्या दिवशी सैनिकांची आठवण म्हणून पॉपीचं (खसखशीचं) लाल कृत्रिम फूल कपड्याला लावतात. मंडळातर्फे ज्यांनी नावं दिली आहेत, त्यांनी सकाळी दहाच्या आत यावं. उन्हाचा विचार करून टोपी, पाणी सोबत असू द्या.

आपण जॉर्जियात राहतो, तेव्हा ही प्रथा सुरू करणाऱ्या मोइना मायकल माहीत असायलाच हव्यात. १८६९ साली वॉल्टन काउंटीतल्या गुड होप या खेड्यात जन्म, पेशा शिक्षिकेचा. ९ नोव्हेंबर १९१८ ला, पहिल्या महायुद्धातल्या शस्त्रसंधीच्या दोन दिवस आधी, न्यूयॉर्कच्या एका परिषदेतल्या प्रतिनिधींनी त्यांना दहा डॉलर दिले. बाईंनी दुकानं पालथी घालून रेशमी पॉपी आणल्या, एक मोठी आणि चोवीस लहान. एक आपल्या कोटाला लावली, उरलेल्या वाटल्या. पुढे जॉर्जियातल्याच अथेन्सला विद्यापीठात जायबंदी सैनिकांना शिकवताना त्यांना दिसलं, की या मुलांना सहानुभूतीपेक्षा कमाई हवी आहे. फुलं विकून त्यांच्यासाठी पैसा उभारायची कल्पना तिथली. १९२० मध्ये अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेने पॉपी हे स्मरणचिन्ह म्हणून स्वीकारली. १९४४ साली बाई गेल्या.

लहानपणी शाळेत ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा छोटा झेंडा खिशाला लावायचो, तशातलाच हा प्रकार. फुलाला ठरलेली किंमत नाही. देईल ते घ्यावं, कुणाच्या मागे लागू नये. सुट्टे पैसे आणि टाचण्या मात्र प्रत्येकाने आणा, त्या ऐनवेळी हमखास संपतात. मुलांना जरूर आणा. येणं जमत नसेल तर गुरुवार रात्रीपर्यंत कळवा.

– कार्यकारिणी