डाइव्ह स्पॉटची खूण आणि हातातला जीपीएस

महोदय,

स. न. वि. वि.

पाण्याखालचा एखादा सुळका किंवा बुडालेल्या बोटीचा सांगाडा एकदा सापडला की पुढच्या खेपेला तो हुकू नये, एवढ्यासाठी बरेच डायव्हर हातात धरायचा वॉटरप्रूफ जीपीएस घ्यायला निघतात. तिथे त्यांना अचूकतेचे आकडे दाखवले जातात. जेवढा आकडा लहान तेवढी किंमत मोठी. या खरेदीत पैसे बहुतेकदा नको त्या ठिकाणी जातात, म्हणून हे पत्र. उघड्या आकाशाखाली साधे, एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारे यंत्रही साधारण ३ ते ५ मीटरच्या आत जागा दाखवते. नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली गडबड अमेरिकेने २ मे २००० रोजी बंद केली. त्याआधी ही चूक १०० मीटरपर्यंत जात असे. आज खूण (यंत्रात साठवलेली जागा) ५० मीटरने हुकली तर यंत्राला बोल लावण्याआधी ती खूण कुठून, केव्हा आणि कशी घेतली ते तपासावे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. जीपीएस पाण्याखाली चालत नाही. महागातला महागही नाही. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात, त्यांचा सिग्नल मुळातच क्षीण असतो आणि समुद्राच्या पाण्याचा काही सेंटिमीटर थरही तो गिळून टाकतो. म्हणजे खूण घ्यायची ती पाण्यावरूनच. यंत्र खाली न्यायचेच नसेल, तर खोल पाण्याला टिकणाऱ्या यंत्रासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

मग ‘वॉटरप्रूफ’ म्हणजे किती? बहुतेक यंत्रांवर आयपीएक्स ७ असे लिहिलेले असते. याचा अर्थ १ मीटर पाण्यात ३० मिनिटे, तेही स्थिर आणि गोड्या पाण्यात. होडीतून निसटून पडले आणि लगेच उचलले तर हे पुरते. कमरेला लावून १० मीटर खाली गेलात तर पाण्याचा दाब चाचणीच्या दहापट होतो आणि यंत्र बाद होते. आणखी एक बारकावा असा, की या चाचणीत पाण्याचा जोरदार फवारा धरलेला नसतो. तो आयपीएक्स ५ आणि ६ चा विषय. त्यामुळे खारे पाणी काढण्यासाठी यंत्र नळाच्या धारेखाली धरू नये. गोड्या पाण्याच्या बादलीत दोन मिनिटे हलके बुडवावे, पुसावे आणि सावलीत पूर्ण वाळल्यावरच बॅटरीचे झाकण उघडावे.

पाणी आत शिरते ते सहसा त्या झाकणाच्या रबरी कडीतून किंवा यूएसबीच्या बुचाखालून. कडीवर वाळूचा एक कण किंवा एक केस बसला तरी तेवढी फट पुरते. झाकण लावण्यापूर्वी कडीवरून बोट फिरवावे, खरखर लागली तर पुसावे. यंत्रासोबतच्या पुस्तिकेत सांगितले असेल तरच सिलिकॉन ग्रीस लावावे, तेही कडी नुसती चमकेल इतकेच. बॅटरीच्या टोकांवर हिरवट थर दिसू लागला की खारे पाणी आत पोहोचले असे समजावे.

घ्यायचे काय, तर बटणांचे यंत्र. टचस्क्रीन ओल्या बोटांना दाद देत नाही आणि खाऱ्या पाण्याचा थेंब पडला तर स्वतःच बटणे दाबल्यासारखे वागते. मोबाइलचेही हेच, त्याच्यातला जीपीएस चांगला असतो, पण लाटा उडत असताना पडदा निकामी ठरतो. तो पिशवीत ठेवून राखीव म्हणून वापरावा. पडदा भर उन्हात, बॅकलाइट न लावता वाचता यायला हवा. बॅटरी बदलता येण्याजोगी, डबल ए आकाराची असावी, कारण समुद्रावर चार्जिंगची सोय नसते. रिचार्जेबल सेल टाकलेत तर मेनूत सेलचा प्रकार बदला, नाहीतर त्यांच्या १.२ व्होल्टमुळे बॅटरी उगाचच संपत आलेली दिसते. अल्कलाइन सेल महिनोन्‌महिने आत ठेवू नका, ते गळतात.

यंत्र तरंगते का, हे जरूर विचारावे. गार्मिनच्या लहान ईट्रेक्स मालिकेतली यंत्रे बुडतात; जीपीएस ७३ आणि जीपीएसमॅप ७८ तरंगतात. बुडणारे यंत्र वाईट असे नव्हे. त्याला दोरी आणि फोमचा तुकडा बांधला की काम भागते. दोन फ्रिक्वेन्सी, हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक, रंगीत भूनकाशे यांवर मात्र खर्च करू नये. दोन फ्रिक्वेन्सींचा खरा फायदा इमारतींच्या किंवा डोंगरांच्या गर्दीत, जिथे सिग्नल आपटून उलटा येतो तिथे होतो. मोकळ्या समुद्रावर फरक फारसा जाणवत नाही. उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रे काही देशांत परवान्याशिवाय बाळगणेही गुन्हा आहे आणि खूण घेण्यासाठी त्यांची गरज नाही.

मऊ प्लास्टिकची वॉटरप्रूफ पिशवी हा स्वस्तातला सर्वांत उपयोगी जोड. प्लास्टिकमधून सिग्नल जातो. वर साचलेल्या पाण्याच्या थरातून जात नाही, म्हणून मधूनमधून पिशवी झटकावी. थोडी हवा आत ठेवली की ती तरंगते. नवी पिशवी यंत्रावर लगेच चढवू नये. आत टिश्यू पेपर आणि एक दगड घालून ती बादलीत अर्धा तास बुडवून ठेवावी. कागद कोरडा निघाला तरच तिच्यावर भरवसा ठेवावा. दर मोसमाच्या सुरुवातीला हे पुन्हा करावे, कारण घडीच्या रेषेवर प्लास्टिकला भेगा पडतात.

वापरलेले यंत्र घेणार असाल तर ते उघड्यावर पंधरा मिनिटे चालू ठेवा आणि तारीख पाहा. जीपीएसमध्ये तारीख ठरवण्यासाठी वापरला जाणारा आठवड्यांचा आकडा दर १,०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. मागच्या वेळी तो ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री आला. त्यानंतर काही जुनी यंत्रे साडेएकोणीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवतात. जागा बरोबर दाखवतात, पण खुणेवरची तारीख आणि यंत्रातले भरती-ओहोटीचे तक्ते कुचकामी होतात. बटणांवरचे रबर चिकट झालेले किंवा तडकलेले असेल तर ते यंत्र पाण्यावर नेण्याच्या लायकीचे राहिलेले नाही.

आता खूण घेण्याबद्दल. सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. २० मीटर खोलीत ६० मीटर दोर सोडून नांगरलेली होडी नांगरापासून ५० मीटरहून जास्त दूर असू शकते, आणि वारा फिरला की तेवढीच दुसऱ्या बाजूला जाते. अशा होडीत बसून ‘मार्क’ (खूण साठवण्याचे बटण) दाबले तर नोंद होते ती होडीची, सुळक्याची नव्हे. यंत्रातली सरासरी काढण्याची सोयही इथे कामाची नाही. ती होडीच्या झोक्याचा मध्य काढून देते. जमिनीवर स्थिर उभे असाल तर तीच सोय फार चांगली.

बरोबर पद्धत वजन आणि बोया (पाण्यावर तरंगणारी खूण) वापरण्याची. चार-पाच किलोचे वजन, खोलीपेक्षा फक्त दोन-तीन मीटर जास्त दोर आणि वर बोया. डायव्हरने खाली जाऊन वजन नेमके जागेवर आहे का ते पाहावे, नसेल तर सरकवावे आणि दोराचा ढिलेपणा वजनाभोवती गुंडाळून दोर ताठ करावा. भरती-ओहोटीच्या मधल्या, पाणी थांबलेल्या वेळेत दोर जवळपास उभा राहतो. मग होडी अगदी सावकाश बोयाशी न्यावी आणि यंत्र बोयाच्या वर धरून मार्क दाबावे. पाच नॉटच्या वेगात होडी सेकंदाला अडीच मीटर पुढे जाते, म्हणजे तीन सेकंद उशिरा दाबले की साडेसात मीटर हुकले. दोन वेगवेगळ्या दिशांनी येऊन तीन खुणा घ्याव्यात. तिन्ही पाच-सात मीटरच्या आत पडल्या तर मधली ठेवावी. एखादी लांब पडली तर ती खोडून पुन्हा घ्यावी. यंत्र छातीशी धरू नये, अर्धे आकाश शरीरच झाकते. बंदरातून निघण्याआधी दहा-पंधरा मिनिटे ते चालू ठेवावे. बराच काळ बंद राहिलेल्या यंत्राला उपग्रहांची पूर्ण माहिती मिळवायला साडेबारा मिनिटे लागू शकतात.

डायव्हर खालूनच हातातली बोया वर सोडणार असेल तर दोर किती सुटला हे बघावे. १० मीटर खोलीवर १५ मीटर दोर सुटला आणि प्रवाहाने ताणला, तर वरची बोया ११ मीटर बाजूला जाते.

खुणेला नाव द्यायला आळस करू नये. ‘००१’, ‘००२’ अशा नावांची यादी सहा महिन्यांनी कुणालाच वाचता येत नाही. नावात जागेचा प्रकार आणि खोली, टिपणात तारीख आणि भरतीची स्थिती लिहावी. यंत्रातली जीपीएक्स फाइल (साठवलेल्या खुणांची फाइल) दर महिन्याला संगणकावर उतरवून घ्यावी. आणि किनारा दिसत असेल तर जुन्या पद्धतीच्या दोन रेषाही टिपाव्यात: एका दिशेला एकामागे एक येणाऱ्या दोन ठळक वस्तू, तिच्याशी साधारण काटकोनात आणखी दोन. बॅटरी संपली तरी या खुणा उपयोगी पडतात.

परत येताना शेवटच्या ५० मीटरमध्ये यंत्राचा बाण गोल फिरू लागतो. ते बिघडलेले नसते. इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नसलेल्या यंत्राला चालीवरूनच दिशा कळते, आणि होडी जवळजवळ थांबली की त्याला दिशा उरत नाही. बाण सोडून अंतराचा आकडा पाहावा, हातातले साधे होकायंत्र वापरावे आणि आकडा सर्वांत लहान होतो तिथे वजन टाकावे. तिथून पुढचा ५-१० मीटरचा शोध पाण्याखाली, वजनाला दोर बांधून गोल फिरत घ्यायचा असतो. तो कोणतेही यंत्र टाळू देत नाही.

शेवटी एक विनंती आपल्या वृत्तपत्राला, आणि डाइव्ह स्पॉटचे अक्षांश-रेखांश छापणाऱ्या सर्वांनाच. अंश-मिनिटे लिहिण्याच्या तीन पद्धती आहेत आणि त्या एकमेकींत मिसळल्या जातात. ३०.५०० मिनिटे म्हणजे ३० मिनिटे ३० सेकंद. कुणी ती ३० मिनिटे ५० सेकंद अशी वाचली तर अक्षांशात २० सेकंदांचा फरक पडतो, म्हणजे ६०० मीटरहून जास्त. छापताना अंशाचे चिन्ह गळते, बिंदूच्या जागी स्वल्पविराम येतो, बारीक टाइपात ५ आणि ६ सारखे दिसतात. जुन्या नकाशावरून उतरवलेले आकडे वेगळ्या डेटमवर (अक्षांश-रेखांश मोजण्याच्या आधारावर) असू शकतात आणि जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ या डेटमवर लावलेल्या यंत्रात टाकले की जागा शेकडो मीटर सरकू शकते. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे अक्षांशात १.८५ मीटर, म्हणून मिनिटाचे तीन दशांश पुरतात, एकच दशांश छापला तर १८५ मीटरच्या टप्प्यांत अंदाज करत बसावे लागते. तेव्हा आकडे ‘अंश, मिनिटे आणि मिनिटाचे तीन दशांश, डेटम डब्ल्यूजीएस ८४’ असे शब्दांत स्पष्ट करून, ठळक टाइपात, खोली आणि खूण घेतल्याच्या तारखेसह छापावेत.

आपला,
एक वाचक