धोंड्याच्या जेवणाला आम्ही १४ जूनला येतोय

पुणे,
१० मे २०२६

तीर्थरूप आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी "फ्रान्सची तिकिटं झाली" म्हटलं आणि आई, तू "बरं, जा की" एवढंच म्हणालीस. मग बाबांनी फोन घेतला आणि वळवाचा पाऊस कसा झाला ते सांगत बसले. तेव्हापासून मला चैन नाही. पुन्हा फोन केला तर मी रडेन आणि तुम्ही मलाच समजावत बसाल, म्हणून लिहिलंय. पत्र दादाबरोबर पाठवतेय. बाबा, चष्मा लावा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा. मधलं काही गाळायचं नाही.

आधी तारखा. ३० मेला, शनिवारी रात्री, मुंबईहून निघतोय. १३ जूनला परत. आई, तुझ्या मनात काय चाललंय ते मला कळतं. १७ मेपासून धोंड्याचा महिना लागतोय, लग्नानंतरचा पहिलाच, आणि त्यातले पंधरा दिवस लेक-जावई परदेशात. वहिनी म्हणाली, तू चांदीचं निरांजन आणूनसुद्धा ठेवलंयस. पण अधिक महिना १५ जूनच्या अमावस्येपर्यंत आहे आणि १४ ला रविवार आहे. आम्ही मुंबईत उतरलो की पुण्याच्या घरी न जाता रात्रीच्या गाडीने थेट तासगावला येतो. पुरणाचे धोंडे, तेहतीस अनारसे, सगळं तुझ्या मनासारखं कर. तुझ्या जावयाने तर आत्तापासूनच तो रविवार राखून ठेवलाय. अनारशाचं पीठ मात्र वहिनीला मळू दे. तुझ्या उजव्या खांद्याचं दुखणं अजून उतरलेलं नाही.

बाबा, तुम्ही मला दोनदा म्हणालात, "माझ्यामुळे तुमचा मार्चमधला बेत मोडला." ते डोक्यातून काढून टाका. लग्नाला पाच दिवस झाले होते, हातावरची मेंदी ताजी होती, आणि आत तुमच्या छातीत स्टेंट बसत होता. बाहेर बाकड्यावर मी हिरवा चुडा वाजू नये म्हणून ओढणीत हात गुंडाळून बसले होते. त्या चार रात्री कोणी कितीही सांगितलं असतं तरी मी तिथून हलले नसते. आणि तुमचे जावई रिपोर्ट घेऊन वरखाली पळत होते, पहाटे आईला चहा आणून देत होते, तेव्हाच मला कळलं की माणूस बरा मिळालाय. त्या बेताची भरपाई म्हणून हा बेत नाही. एप्रिलच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "आता रोज चाला, घाबरून बसू नका," तेव्हाच आम्ही व्हिसाची तारीख घेतली. ते तसं म्हणाले नसते तर घेतली नसती.

आता फ्रान्सच का, तेही शहरं सोडून खेड्यापाड्यांत का? मुन्नारला जा, जवळ आहे, आपली भाषा नसली तरी आपलं जेवण मिळतं, असं आई म्हणत होतीस. ते खरंच आहे. पण आम्हा दोघांना एकदम पंधरा दिवसांची रजा यंदा एवढीच मिळते. ऑक्टोबरनंतर दोघांच्याही ऑफिसात मान वर करायला फुरसत नसते. जूनमध्ये तिकडे दिवस मोठा असतो, रात्री साडेनऊपर्यंत उजेड. पैसे दोघांनी मिळून तीन वर्षं साठवलेले आहेत, कर्ज काढलेलं नाही. म्हणून बाबा, शीतगृहातले बेदाणे आमच्यासाठी आत्ता विकू नका. भाव चढू देत. मला त्यातले फक्त अर्धा किलो द्या, जिथे राहणार आहोत त्या घरमालकिणीला द्यायला.

पण खरं कारण वेगळंच आहे, आणि ते बाबांनाच कळेल. पॅरिसला दोन रात्री काढून आम्ही बर्गंडीला जाणार आहोत. पॅरिसहून दिजाँ रेल्वेने दीड तासाच्या आसपास, आणि दिजाँहून बोन नावाचं गाव आणखी वीस-पंचवीस मिनिटांवर. हा सगळा भाग द्राक्षबागांचा. मंडप नाही, आपल्यासारखे वाय आकाराचे खांब नाहीत. वेली कंबरेएवढ्या, तारेवर ओळीने बांधलेल्या. छाटणी वर्षातून एकदाच, थंडीत. खरड छाटणी आणि ऑक्टोबरची छाटणी अशा दोन छाटण्या आपण का घेतो, हे मी शाळेत असताना तुम्ही मला बांधावर बसून समजावलं होतं: आपल्याकडे वेल झोपत नाही, म्हणून तिला आपण दोनदा उठवतो. तिथे वेल थंडीत झोपते. आम्ही पोचू तेव्हा फुलोऱ्याचा मोसम असेल. फुलोऱ्यानंतर शंभरेक दिवसांनी तोडणी.

आणि प्रत्येक तुकड्याला नाव! आपल्याकडे जशी विहिरीकडची, ओढ्याकडची, टेकाची, तसंच. एका तुकड्याची माती दुसऱ्यापेक्षा निराळी, म्हणून रस निराळा, असं ते शतकानुशतकं मानत आले. अशा १,२४७ तुकड्यांना २०१५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. एक क्लो द व्हूजो नावाची बाग आहे, मठातल्या साधूंनी भिंत घालून लावलेली, सुमारे पन्नास हेक्टरची. आज त्या एका भिंतीच्या आत ऐंशीच्या वर मालक आहेत. फ्रेंच क्रांतीत मठाची जमीन सरकारजमा झाली, विकली गेली, आणि पुढे नेपोलियनच्या काळातल्या कायद्याने सगळ्या मुलांना सारखा वाटा. काहींच्या वाट्याला नुसत्या चार-दोन ओळी. हे वाचताना मला आबांनी घातलेला तो मधला बांध आठवला आणि पोटात कालवलं. त्यावरून झालेलं सगळं मी विसरलेले नाही. पण तिथले लोक तशा तुकड्यांतूनही पिढ्यान्‌पिढ्या बागा राखून आहेत, हे मला डोळ्यांनी बघायचंय आणि परत येऊन तुम्हाला सांगायचंय.

तुम्ही बागेवर फवारता ते बोर्डो मिश्रणही मूळचं फ्रान्सचंच, पण तिकडे पश्चिमेच्या बोर्दो शहराचं. त्या भागात रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षं येणारे-जाणारे तोडून खायचे, म्हणून बागायतदार त्या वेलींवर मोरचूद आणि चुना मारून ठेवायचे. मियार्दे नावाच्या प्राध्यापकाने पाहिलं की नेमक्या त्याच वेलींना डाऊनी रोग लागत नाही. १८८५ साली त्यांनी ते मिश्रण जगासमोर ठेवलं. लहानपणी तुमचे निळसर झालेले हात बघून मी विचारायचे, "बाबा, तुम्ही आभाळ पुसून आलात का?"

बोनमध्ये तीन दिवस आहोत. तिथून सायकलीने द्राक्षबागांमधून वीसेक किलोमीटरचा रस्ता आहे. मोटारींची वर्दळ नाही, आई, मी नीट बघितलंय. आणि गावात एक जुना दवाखाना आहे, त्याच्यासाठी एक अख्खा दिवस ठेवलाय. १४४३ साली निकोला रोलँ नावाच्या, बर्गंडीच्या ड्यूकच्या चान्सलरने आणि त्याची बायको गिगोन द सालँ हिने तो गोरगरिबांसाठी स्थापन केला. लढायांनी मुलूख उद्ध्वस्त झाला होता तेव्हा. एका लांब दालनात दोन्ही भिंतींना लाकडी पलंगांच्या रांगा, प्रत्येकाला लाल पडदा. १९७१ पर्यंत त्या इमारतीत रुग्ण होते. लोकांनी त्या दवाखान्याला द्राक्षबागा दान दिल्या. त्या बागांच्या वाईनचा दर नोव्हेंबरात लिलाव होतो, १८५९ पासून, आणि पैसा दवाखान्याच्या कामी येतो. फोटोतले ते पडदे बघितले आणि मला तुमच्या खाटेभोवतीचा हिरवा पडदा आठवला, बाबा. नर्स तो सर्रकन ओढायची तेव्हा दरवेळी माझ्या छातीत धस्स व्हायचं. त्या दालनात मला एकदा शांतपणे उभं राहायचंय.

वाईनचं लिहिलंच आहे तर सांगून टाकते, आम्ही चाखणार आहोत. आई, अधिक महिन्यात हे ऐकून तुला बरं वाटणार नाही, माहीत आहे. पण तुमच्यापासून लपवून काही करायचं नाही असं मी ठरवलंय. ज्या दिवशी गाडी चालवायची त्या दिवशी थेंबही नाही.

गाडी शेवटचे पाच दिवसच घेणार. तिकडे उजव्या बाजूने चालवतात. यांनी आंतरराष्ट्रीय परवाना काढलाय, गाडी ऑटोमॅटिक आहे आणि अंधार पडायच्या आत घरी, असा नियम. फ्लाविन्यी नावाच्या डोंगरावरच्या गावाजवळ स्वयंपाकघरासकट छोटं घर घेतलंय. तिथल्या जुन्या मठात बडीशेपेसारख्या दाण्यावर साखरेच्या पाकाचे थरावर थर चढवून पांढऱ्या गोळ्या करतात, कितीतरी दिवस लागतात एका गोळीला. आई, अगदी तुझ्या डबीतल्यासारख्या दिसतात. तुझ्यासाठी आणणार आहे.

जेवणाची काळजी करू नकोस. गॅस आहे, भांडी आहेत, आसपास बाजार भरतो. आमटी-भात मी रोज करेन. मेतकूट, थालीपीठाची भाजणी, कुळथाचं पीठ, थोडा गोडा मसाला एवढंच दे. तूप देऊ नकोस, पेढेही नकोत, कितीही घट्ट डबा असला तरी. दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात न्यायला बंदी आहे, विमानतळावर फेकून देतील आणि मला ते बघवणार नाही. आंबेही नकोत. आमचा विमा आहे, तीस हजार युरोंचा, त्याशिवाय व्हिसाच मिळत नाही. म्हणजे मला सर्दी-ताप आला तरी बघायला कोणीतरी आहे.

सहावीत सज्जनगडाच्या सहलीला जाताना तू माझ्या परकराच्या नेफ्यात वीसची नोट शिवली होतीस, आठवतं? मी ती मोडलीच नाही. परत आल्यावर तू उसवून काढलीस तेव्हा तिला घामाचा वास येत होता. या वेळी नेफा नाही, पण पासपोर्टच्या पिशवीला आतून कप्पा तूच शिवून दे. हातशिलाई, मशीनवर नको.

आता माझं ऐका, दोघांनीही.

बाबा, रक्त पातळ व्हायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही. दात काढायचा झाला, पोट बिघडलं, काहीही झालं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करायची नाही. जूनमध्ये शेंडे मारायचं काम असेल, फवारणीही असेल. ते गडी करतील. ट्रॅक्टरवर बसायचं नाही, ब्लोअरला हात लावायचा नाही, "जरा बघून येतो" म्हणून दुपारी बागेत जायचं नाही. सकाळी सातच्या आत अर्धा तास चाला, फोन खिशात ठेवून. छातीत, हातात, जबड्यात कुठेही अवघडलं तर ॲसिडिटी म्हणून सोडा पीत बसू नका. फेब्रुवारीत तेच केलं होतंत. दादा ते पंधराही दिवस रात्री तुमच्याकडे झोपायला आहे, मी त्याच्याकडून वचन घेतलंय.

आई, बाबांच्या ताटात लोणचं आणि पापड नको. ते मागतील, तू पाघळशील, म्हणून लिहितेय. आणि तुझी गुडघ्याची गोळी संपलीय ती आणवून घे. गोळ्यांचा आठवड्याचा डबा मी दादाबरोबर पाठवलाय, सकाळ-संध्याकाळ असे कप्पे आहेत.

रोज रात्री तुमच्या नऊ वाजता फोन करेन, तेव्हा तिकडे दुपारचे साडेपाच असतील. एखाद्या दिवशी रेंज नसली तर रात्रभर जागत बसू नका, दुसऱ्या सकाळी मेसेज असेल.

३० तारखेला मुंबईला यायचं नाही. बाबा, तुम्ही एस.टी. वळेपर्यंत स्टँडवर उभे राहायचात, मी मागच्या काचेतून बघत असायचे. तुम्ही विमानतळावर उभे राहिलात तर माझा पाय आत पडणार नाही. तासगावातच दोघांच्या पाया पडायला आम्ही २४ ला येतोय, त्याच दिवशी बेदाणे आणि पिशवी घेऊ.

दोघांनीही रागावू नका माझ्यावर.

तुमची
छकुली

ता. क. : बाबा, तुम्हाला तिथलं काय बघायचंय ते कागदावर लिहून ठेवा. माती, तारेची उंची, दोन ओळींतलं अंतर, जे काही असेल ते. मी मोजपट्टी घेऊन जाणार आहे.