लोणारला पाहुणा मुक्कामाला राहू द्या: पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

लोणारच्या विवराच्या काठावर गाडी थांबते. मंडळी कठड्याशी जातात, फोटो काढतात, कुणीतरी 'एवढंच का?' असं विचारतं आणि गाडी शेगावच्या नाहीतर वेरूळच्या वाटेला लागते. तासाभरात सगळं आटोपतं. समृद्धी महामार्ग मेहकरवरून जाणार म्हटल्यावर आम्हाला वाटलं होतं, गावाला बरे दिवस येतील. ५ जून २०२५ ला तो पूर्ण खुला झाला. येणं सोपं झालं, पण निघून जाणंही तितकंच सोपं झालं. पाहुणा मुक्कामाला राहत नसेल तर खोल्या, खाणावळी, रिक्षा, वाटाडे कशावर चालणार?

नवे मनोरे आणि सेल्फी पॉइंट आम्हाला नकोत. वरून बघण्यासारखं जे आहे ते वरून दिसतंच. खरं लोणार खाली आहे.

जाणता वाटाडा पाहुण्याला विवरात उतरवतो तेव्हा काय होतं, ते सांगतो. हळद लावलेला कागद तो तळ्याच्या पाण्यात बुडवतो आणि पिवळा कागद बघता बघता लाल होतो, कारण ते पाणी नुसतं खारं नाही, अल्कधर्मी (आम्लाच्या उलट गुणाचं) आहे. मग मातीवरून लोहचुंबक फिरवतो, त्याला काळे कण चिकटून येतात. लहान मुलं तिथून हलायला तयार नसतात. सुमारे १.८ किलोमीटर रुंद विवर, तेही उल्कापाताने बेसॉल्ट खडकात, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या काळ्या दगडात, झालेलं; पृथ्वीवर अशी फार थोडी आहेत, म्हणून चंद्र आणि मंगळाचा अभ्यास करणारे इथे येतात. त्याचं वय ५२ हजार वर्षं की ५ लाख ७० हजार, हा वादसुद्धा रंगवून सांगता येतो. धार नावाचा झरा, कमळजा देवीचं देऊळ आणि गावातलं दैत्यसूदन मंदिर धरलं तर दोन दिवस पुरत नाहीत. पण हे सांगणारी माणसं मोजकी आहेत आणि त्यांनाही वर्षभर काम नाही. गावातल्या पोरापोरींना रीतसर शिकवा, ओळखपत्र द्या, आणि घरगुती निवासाचे परवाने एका खिडकीवर मिळू द्या. एवढं झालं तरी पुष्कळ आहे.

मात्र तळंच बिघडलं तर हे सगळं फुकट. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं, क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे, आणि जगभर फोटो गेले. टाळेबंदीमुळे बघायला मात्र कुणाला येता आलं नाही. तेव्हा पाणी आटलं होतं. आता उलट झालंय. पातळी चढली आणि काठच्या देवळांत पाणी शिरलं. गोडं पाणी आणि सांडपाणी मिसळत राहिलं तर क्षार उतरतील, आणि त्या क्षारांवर जगणारं सूक्ष्म जीवनही. मग हळदीचा कागद लाल होणार नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव आलं, त्याचा आम्हाला फार अभिमान वाटला. पण यादीतल्या नावाने सांडपाणी अडत नाही.

अडचण कुठे आहे हे आपल्यालाही ठाऊक असेल. अभयारण्य वन विभागाचं, देवळं पुरातत्त्व खात्याची, गटारं नगरपरिषदेची आणि निवास पर्यटन महामंडळाचा. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. आमचा तर चार घरचा. या चौघांना एका टेबलाशी बसवणं आम्हा गावकऱ्यांच्या हातात नाही, मंत्र्यांच्या आहे. ती बैठक मुंबईत नको, लोणारलाच घ्या. आधी सांडपाण्याचा निकाल लावा, मग निधीचं बोलू.

आणि त्या दिवशी रात्री इथेच राहा. सकाळी ऊन चढायच्या आत आपण खाली उतरू. हळदीचा कागद मी घेऊन येतो.

आपला नम्र,
लोणारचा एक रहिवासी