सूचना : रविवारी निळे पुस्तक
सभासदहो, आठवण करून देतो. रविवारी सायंकाळी ५ वाजता आपण इंग्लंडच्या वनस्पती-अभ्यासक ॲना ॲटकिन्स यांचे समुद्रशैवालांचे पुस्तक ऑनलाइन पाहणार आहोत. १८४३ पासून दहा वर्षे, भागाभागाने काढलेले. त्यातली चित्रे अशी केली आहेत : लोहक्षार लावलेल्या कागदावर खरे शेवाळ ठेवायचे, उन्हात धरायचे, साध्या पाण्यात धुवायचे; कागद गर्द निळा होतो, शेवाळाची आकृती पांढरी राहते. मजकूरही बाईंच्याच हस्ताक्षरात, तसाच निळ्यावर उमटवलेला! ही रीत शोधणारे जॉन हर्शेल यांची प्रत न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहे, तिचीच डिजिटल पाने उघडू. केसाएवढे बारीक तंतू मोबाइलवर नीट दिसत नाहीत, म्हणून शक्यतो लॅपटॉपवरून या. येणार असाल तर शनिवारपर्यंत ग्रुपवर कळवा.