सरकारी सॉफ्टवेअर एकाच संगणक प्रणालीला का बांधलेले?

महोदय,

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' या प्रणालीचे नियमित पाठबळ थांबवले. चांगले चालणारे संगणक भंगारात काढायचे, की सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणाऱ्या प्रणालीवरच ते रेटायचे, असा पेच त्यामुळे मराठवाड्यातील अनेक शाळा, ग्रामपंचायती आणि छोट्या संस्थांपुढे उभा राहिला आहे. 'विंडोज ११' साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि साधारणपणे २०१७ नंतरच्या पिढीचा प्रोसेसर लागतो, आणि जुन्या संगणक कक्षांतील यंत्रे त्यात बसत नाहीत. काही दुकानदार ही तपासणी चुकवून 'विंडोज ११' टाकून देतात. मात्र अशा यंत्रांना पुढील अपडेट मिळतीलच, याची हमी कंपनी देत नाही, हे गिऱ्हाइकाला क्वचितच सांगितले जाते.

या पेचातून विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या लिनक्स या मुक्त प्रणालीचा मार्ग खुला आहे. चार जीबी रॅमच्या संगणकावर लिनक्सच्या डेबियन या आवृत्तीची हलकी मांडणी व्यवस्थित चालते, परवान्याचे पैसे पडत नाहीत, आणि डेबियनवरच बेतलेली 'बॉस' ही प्रणाली तर आपल्याच सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने तयार केली आहे. केरळच्या सरकारी शाळांतील मुले कित्येक वर्षांपासून लिनक्सवर शिकत आहेत. आमच्याकडे मात्र प्रणाली बदलण्याचा विषय निघाला, की कार्यालयातून एकच उत्तर येते: "आपले सॉफ्टवेअर त्यावर चालत नाही." हे उत्तर दुर्दैवाने बहुतेकदा खरे असते, म्हणूनच हा पत्रप्रपंच.

प्रोसेसर तोच असला तरी विंडोजसाठी बांधलेला प्रोग्राम लिनक्सवर थेट चालत नाही, कारण फाइल उघडणे, खिडकी दाखवणे, छपाई करणे यांसाठी तो प्रणालीकडे ज्या मागण्या करतो, त्या मागण्यांची पद्धत दोन्हीकडे निराळी आहे. १९९३ पासून विकसित होत असलेला 'वाइन' हा प्रकल्प या मागण्या चालता चालता लिनक्सच्या पद्धतीत बदलून देतो, आणि साधे हिशेबाचे किंवा जुने शैक्षणिक प्रोग्राम त्यावर बऱ्याचदा चालूनही जातात. परंतु डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन, बायोमेट्रिक यंत्र किंवा एखादा जुना प्रिंटर मध्ये आला, की वाइन अपुरे पडते, कारण तेथे प्रणालीच्या गाभ्याशी बोलणारा ड्रायव्हर (ते यंत्र चालवणारा छोटा प्रोग्राम) लागतो आणि तो उत्पादकानेच लिनक्ससाठी द्यावा लागतो. त्याच संगणकात आभासी यंत्र (सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणकातला संगणक) उभारून विंडोज चालवावे, तर चार जीबी रॅममध्ये दोन्ही प्रणाल्या रखडतात आणि विंडोजचा परवाना पुन्हा लागतोच.

मराठी मजकुराचे दुखणे आणखी जुने आहे. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टंकलेले ठराव आणि इतिवृत्ते आजही कार्यालयांत पडून आहेत. त्यांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असल्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली, की निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये हा घोळ होत नाही, तरीही मांडणी हलू शकते: विंडोजसोबत येणारा 'मंगल' फॉन्ट लिनक्सवर नसला, तर त्याच्या जागी दुसरा फॉन्ट येतो, अक्षरांची रुंदी बदलते, आणि एका पानात बसवलेला तक्ता दुसऱ्या पानावर सांडतो. दोष फॉन्टचा असतो आणि बोल लिनक्सला लागतो. कागदपत्रांसाठीचा ओडीएफ हा खुला नमुना २००६ मध्येच आंतरराष्ट्रीय मानक झाला. ई-प्रशासनात खुली मानके वापरण्याचे केंद्राचे धोरण २०१० चे, तर मुक्त-स्रोत (मूळ कोड सर्वांना खुला असलेल्या) सॉफ्टवेअरचे २०१५ चे आहे. तालुक्याच्या टेबलापर्यंत यातले फारच थोडे पोहोचले आहे.

एकाच कंपनीच्या प्रणालीवर विसंबण्याची किंमत आपण एकदा मोजली आहे. फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये, मायक्रोसॉफ्टच्याच ॲक्टिव्हएक्स या जोड-तंत्राच्या आधाराने चालणारी संकेतस्थळे त्या ब्राउझरचे पाठबळ जून २०२२ मध्ये संपले तेव्हा अडचणीत आली. त्या वेळी ब्राउझर बदलून भागले. आता प्रश्न सबंध यंत्राचा आहे.

जिल्हा वार्षिक योजनेतून किंवा पंचायतीच्या निधीतून जेव्हा नवे सॉफ्टवेअर घेतले जाईल, तेव्हा निविदेत स्पष्ट अट असावी, अशी विनंती मी जिल्हा नियोजन समित्यांना आपल्या दैनिकामार्फत करतो. ते सॉफ्टवेअर कोणत्याही प्रचलित ब्राउझरमध्ये चालावे, आणि स्वाक्षरीसाठी वेगळा प्रोग्राम लागतच असेल, तर त्याची लिनक्स आवृत्ती पुरवठादाराने सोबत द्यावी. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी त्याच कार्यालयातील एका जुन्या संगणकावर, लिनक्स टाकून, स्वाक्षरी आणि छपाईसह सगळे काम करून दाखवायला लावावे.

आपला,
एक संगणक प्रशिक्षक, सेलू (जि. परभणी)