माझ्या बरण्या होत्या तिथेच राहू दे

सातारा

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तू हौसेनं चोवीस एकसारखे डबे आणलेस, फळ्या पुसून सगळं नव्यानं लावून दिलंस, वर सुरेख अक्षरात नावं चिकटवलीस. तू गेल्यावर दुसऱ्याच दिवशी बाबांच्या दुधात मी पिठीसाखर समजून तांदळाची पिठी घातली. ती नावं मला वाचता येत नाहीत गं.

माझ्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग वयोमानानं झिजलाय. आधी दाराची चौकट वाकडी दिसायला लागली, मग पेपरातल्या ओळींमधली अक्षरं गळायला लागली. मोतीबिंदूसारखं ऑपरेशन करून हे निघत नाही, चष्म्याचा नंबर वाढवूनही भागत नाही. कडेची नजर मात्र शाबूत आहे, म्हणून घरात वावरताना धडपडत नाही. जिथं बघावं नेमका तिथंच डाग येतो. तुझा चेहरा बघायचा तर मला तुझ्या कानाकडे बघावं लागतं. परवा तू रागावलीस, "आई, मी बोलतेय आणि तुझं लक्ष भलतीकडेच!" बाळा, मी तुलाच बघत होते.

स्वयंपाक मला जमतो. चहा पांढऱ्या कपात ओतते, दूध गडद निळ्या कपात. काठावर बोटाचं टोक ठेवलं की कप भरत आल्याचं कळतं. मोहरी कानाला कळते. तिखटाच्या बरणीला एक रबरबँड, गरम मसाल्याला दोन. पाचशेच्या नोटेच्या कडांना पाच उठावाच्या रेघा असतात, शंभरच्या नोटेला चार. पण नोट जुनी झाली की त्या बोटाला लागत नाहीत, म्हणून पाचशेची मी उभी दुमडून वेगळ्या कप्प्यात ठेवते.

बाबांचं निराळं आहे. वयानं कान जातात तेव्हा बारीक, उंच आवाज आधी जातात. त्यामुळे फोनवर दादाचं बोलणं त्यांना कळतं, तुझं कळत नाही. मनाला लावून घेऊ नकोस. ओरडलीस तर कानाच्या मशीनमधून नुसता कल्ला ऐकू येतो. सावकाश बोल, आणि व्हिडिओ कॉलला खिडकीकडे पाठ करून बसू नकोस. ओठ दिसले की त्यांना पुष्कळ कळतं. कुकरच्या शिट्ट्या मी मोजते, लाइटबिल ते वाचतात. आमचं चाललंय.

पुण्याला या म्हणतेस, त्यामागची माया कळते. पण तिथली एकही फळी माझ्या हाताच्या ओळखीची नाही. इथं अंधारातही हिंगाची डबी सापडते.

जुन्या बरण्या बाबांनी माळ्यावरून काढून दिल्या, मी जागच्या जागी लावल्या. गणपतीला येशील तेव्हा काही आणायचंच असेल तर गडद रंगाची दोन ताटं आण. स्टीलच्या ताटात मला भात दिसत नाही.

तुझी,
आई