इंजिन बंद पडलं तर?

ती. आई-बाबांना,
सा. न.

उडताना हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं तर काय, या आईच्या प्रश्नाचं उत्तर फोनवर नीट देता येत नाही, म्हणून पत्र. बाबांच्याही मनात तेच घोळत असणार, फक्त ते विचारणार नाहीत.

इंजिन बंद पडलं म्हणून हेलिकॉप्टर धप्पकन खाली येत नाही. इंजिन आणि रोटर, म्हणजे डोक्यावरची फिरणारी पाती, यांच्यामध्ये फ्रीव्हील क्लच असतो. इंजिन थांबलं की तो आपोआप सुटतो आणि पाती मोकळी फिरत राहतात. आपण डाव्या हातातला दांडा, म्हणजे कलेक्टिव्ह, ताबडतोब खाली करायचा. पात्यांचा कोन कमी होतो, आणि खाली येताना खालून लागणारी हवाच त्यांना भिरभिऱ्यासारखं फिरवत ठेवते. याला ऑटोरोटेशन म्हणतात. शेपटीचा छोटा रोटर मोठ्या रोटरलाच गिअरने जोडलेला, त्यामुळे नाक डावी-उजवीकडे वळवणारी पायातली पेडलही काम करतात.

खरी गोम त्या 'ताबडतोब'मध्ये आहे. मी शिकते त्या रॉबिन्सन आर-२२ ची पाती हलकी असतात. दांडा खाली करायला जेमतेम सेकंदभर मिळतो. उशीर झाला आणि पात्यांचा वेग फारच उतरला, तर तो परत मिळत नाही. म्हणून सर हेच पुन्हा पुन्हा करून घेतात. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारी मूठ, मात्र न सांगता कधीच बंद करत नाहीत. कंपनीनेच तसं बजावलेलं आहे. ताकद गेली की नाक डावीकडे झटकतं, उजवं पेडल दाबायचं, पात्यांचा वेग उतरल्याचा इशारा देणारा भोंगा वाजायच्या आत दांडा खाली. मग ६५ नॉटचा, म्हणजे ताशी साधारण १२० किलोमीटरचा वेग धरून मोकळी जागा गाठायची. हजार फुटांवरून जमीन अर्ध्या मिनिटाहून थोड्याच जास्त वेळात येते. साधारण चाळीस फुटांवर नाक वर करून वेग कमी करायचा, मशीन सपाट करायचं आणि शेवटी दांडा वर ओढून अलगद टेकायचं. पात्यांतला जोर एकदाच वापरता येतो, त्यामुळे ओढायची घाई करायची नाही.

१९७२ मध्ये फ्रान्समध्ये झाँ बुले यांनी लामा हेलिकॉप्टर १२,४४२ मीटरवर नेलं. उतरायला लागताच इंजिन विझलं, ते पुन्हा सुरू होईना. तेवढ्या उंचीवरून ते असेच सुखरूप उतरले.

उंची हाताशी असली की वेळ मिळतो. कमी उंचीवर, जवळपास जागच्या जागी तरंगताना इंजिन गेलं तर वेगही नसतो आणि वेळही नसतो. ती धोक्याची हद्द प्रत्येक हेलिकॉप्टरच्या पुस्तकात आलेखावर आखलेली असते. वैमानिकांनी तिला दिलेलं नाव फार अभद्र आहे. बाबा, ठाऊक असलं तरी आईला सांगू नका.

आणि काळजी करायचीच असेल तर इंजिनापेक्षा विजेच्या तारांची करा. वरून तार दिसतच नाही. आम्ही खांब शोधतो आणि तारा ओलांडताना खांबाच्या डोक्यावरूनच जातो.

बाबांनी रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्यावी. रविवारी फोन करते.

तुमची,
लेक